बुरूज की विहीर

अण्णा, तुमचा बुरूज काल दुपारी मी उतरवला. दचकू नका, मोडला नाही, साधा चरासुद्धा पडला नाही. आई मागे उभी राहून 'हळू गं, हळू' करत होती. तुम्ही असतात तर आम्हा दोघींना बाजूला सारून एका मिनिटात काम उरकलं असतंत. पण तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि तुमचा तो लाकडी गड आता माझ्या ताब्यात आहे, झिरकपूरच्या आठव्या मजल्यावर, टीव्हीच्या शेजारी. बुरूज का उतरवला आणि मग काय झालं, ते सांगायला बसले आहे. मधेच बोलू नका, तुम्हाला ती खोड होती.

साताऱ्याकडच्या खेड्यातला माणूस विमानदलात भरती होतो, देशभर फिरतो, शेवटची बदली चंदीगडला होते आणि निवृत्त झाल्यावर गावी परतायचं सोडून तो इथेच राहतो, हे आपल्या नातेवाइकांना कधी उलगडलं नाही. तुम्ही सांगायचात, "हितं रस्तं सरळ हायती, पाणी येळंवर येतं, आणि काय पायजे?" खरं कारण इंडस्ट्रियल एरियात होतं. तिथल्या एका ओतकामाच्या कारखान्यात तुम्ही पॅटर्नमेकर म्हणून लागलात आणि मग तुम्हाला गाव-बिव काही आठवेना. लोखंडाचा जो भाग ओतायचा त्याचा हुबेहूब लाकडी नमुना आधी करायचा, तो वाळूत दाबून ठसा घ्यायचा, मग अलगद उचलून त्या पोकळीत वितळलेलं लोखंड सोडायचं. मला सुट्टी असली की तुम्ही सायकलवर डबलसीट घेऊन जायचात. देवदाराच्या भुशात बसून मी तुमचं काम बघते आहे. कुणीतरी मोडक्या चाकाचा तुकडा फडक्यात बांधून आणलेला आहे. तुम्ही त्या तुकड्याच्या वळणावर पट्टी आडवी धरता, मधल्या फटीची खोली मोजता, कागदावर चार आकडे मांडता आणि सांगता की सबंध चाक एवढं होतं. मला ती जादू वाटायची. आणखी एक गोष्ट तुम्ही तेव्हा दाखवली होती. नमुन्याच्या बाजूला पुढे आलेला एखादा भाग असला की तो उचलताना वाळूत अडकतो आणि ठसा फाटतो. असा भाग तुम्ही निराळा करून नुसत्या खिट्टीवर बसवायचात. "ह्यो चिकटवायचा नस्तो," तुम्ही म्हणालात, "नुसता बसवायचा. काढायला लागतोय." मी मान डोलावली आणि विसरून गेले.

मी दहा वर्षांची असताना कारखान्याच्या मालकांनी जर्मनीहून एक जुनं मशीन मागवलं आणि ते शिकायला चार महिन्यांसाठी तुम्हाला तिकडे धाडलं. मालक सरदारजी होते, तुम्हाला फौजी म्हणायचे. "जा फौजी, मशीन सिख के आ, मेम नाल ना आईं," येताना मेम घेऊन येऊ नकोस, असं ते आईसमोर म्हणाले होते आणि आई आठवडाभर त्यांच्यावर फुरंगटून होती. मेम भेटलीच तुम्हाला, पण सत्तरीची. तिच्या घरी तुम्ही खोली घेऊन राहिलात, तिला आपली शेंगदाण्याची चटणी पावाला लावून खायला शिकवलीत, आणि तिच्याच घरात तो गड तुमच्या मानगुटीवर बसला.

ती गोष्ट तुम्ही इतक्यांदा सांगितलीत की आता मी ती तुमच्या आवाजातच ऐकते. गावात एक चौक, नाव गडाचा चौक. त्याला लागून गडाची गल्ली. आणि गड कुठेच नाही. चौकात बसथांबा आणि नासपतीचं एक झाड. साताऱ्याच्या माणसाला गडाचा चौक म्हणायचं आणि गड दाखवायचा नाही, म्हणजे काय! तुम्ही घरमालकिणीला हातवारे करून विचारलंत. तिची मुलगी गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायची, तिनं सांगितलं. पाच-सहाशे वर्षांपूर्वी तिथे सरदाराचा गड होता. डोंगरावर नव्हे, सपाटीवर, गावाच्या तटाला खेटून, भोवती पाण्याचा खंदक. गडावरचे शिपाई वेशीत बसून बाजाराच्या गाड्यांकडून जकात घ्यायचे. गावाची आणि गडाची त्यावरून दोन-तीन पिढ्या धुसफूस चालली. पुढे सरदाराचं घराणं वारस न होता संपलं आणि गावकऱ्यांनी सम्राटाकडून गड पाडायची परवानगी मिळवली. अट एकच, तटाच्या आत पुन्हा कुणी गड बांधायचा नाही. मग घरटी एक माणूस पहार घेऊन आला. सगळ्यांनी मिळून गड पाडला आणि दगड आपापल्या घरी नेले. कुणी तळघराला लावले, कुणी भिंतीला, काही चर्चच्या ओट्याला गेले. खंदक बुजवला, त्यावरून गल्ली गेली, आणि खंदक जसा वळायचा तशी ती अजून वळते. गडाचं ना चित्र उरलं ना नकाशा. हे सांगून झालं की तुम्ही मांडीवर थाप मारायचात. "म्हंजी गड ग्येला न्हाई की! वाटून घ्येतला!"

आणि मग तुम्ही तेच केलंत जे तुम्हाला येत होतं. दर रविवारी टेप घेऊन त्या मुलीबरोबर दारोदार गेलात. लोकांनी तळघरं उघडून दाखवली, कॉफी पाजली. तुम्ही दगड मोजलेत, त्यांचे कोन मोजलेत, पाथरवटांच्या खुणा वहीत उतरवल्यात. तुमच्या घरमालकिणीच्या तळघराची शेवटची पायरी म्हणजे एकच लांब दगड होता आणि त्याची पुढची कड आत वळलेली होती. म्हणजे तो कुठल्यातरी गोल बांधकामाचा. तुम्ही त्यावर पट्टी आडवी धरलीत, फट मोजलीत, आणि तिथेच थांबला नाहीत. पायरीखाली दोन बोटं जातील एवढी चीर होती. जमिनीवर पालथे पडून त्यात बोटं घालून चाचपत होतात, तेवढ्यात म्हातारी बटाटे न्यायला खाली आली आणि तुम्हाला चक्कर आली समजून तिनं तुमच्या डोक्यावर पाणी ओतलं. हा भाग तुम्ही पाहुण्यांसमोर हमखास सांगायचात. बोटांना काय लागलं, ते मात्र कधीच सांगितलं नाहीत. आम्हीही विचारलं नाही, हसण्यात राहून गेलं.

चार महिन्यांनी परतलात ते वहीभर मापं घेऊन. "शेजारणीच्या नवऱ्यानं दुबईहून टेपरेकॉर्डर आणला," आई म्हणाली, "आणि आमच्याकडं काय आलं, तर दगडांची मापं." माझ्यासाठी तुम्ही पिवळी घडीची लाकडी पट्टी आणली होतीत, उघडली की माझ्याहून उंच व्हायची. ती हातात देऊन म्हणालात, "तू माझी असिस्टंट." सेक्टर एकवीसमधल्या आपल्या वरच्या मजल्याच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कारखान्यातून आणलेल्या देवदाराच्या तुकड्यांचा गड वर्षभर उभा राहत होता. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. तट झाला, दिवाणखान्याची इमारत झाली. दरवाजा कुठे होता ते कुणालाच ठाऊक नव्हतं, तर तुम्ही तो बिनदिक्कत आपल्याकडच्यासारखा वळणात लपवलात आणि आत दोन्ही बाजूंना देवड्या काढल्यात. मी विचारलं, "जर्मन लोक देवड्या करतात?" तुम्ही म्हणालात, "पहारेकऱ्याला पाय दुखत नस्त्याल व्हय?"

त्या वर्षात तुम्ही मला एकदाच रागावलात. दिवाणखान्याचं छप्पर मी कापलं होतं आणि ते दोन सूत आखूड झालं. मी फटीत पुट्टी भरली, वरून पॉलिश पेपर मारला, रंग दिला. कुणाला दिसलं नसतं. तुम्ही अंगठा फिरवलात आणि तुमचा चेहरा बदलला. "मापात लबाडी करायची न्हाई," तुम्ही म्हणालात. "चुकलं तर चुकलं म्हणायचं. कळलं का?" आवाज चढवला नव्हतात, पण मी त्या दिवशी जेवले नाही. छप्पर उपटून नवं कापायला लावलंत. संध्याकाळी मात्र सेक्टर बावीसला नेऊन कुल्फी-फालुदा खाऊ घातलात आणि वाटेत, माझ्याकडे न बघता, म्हणालात की नवं छप्पर झकास झालंय. अजूनही मी ऑफिसात एखादा आकडा बरा दिसावा म्हणून वळवायला गेले की अंगठा फिरल्यासारखं होतं.

महिन्याभरानं तुम्ही हातात लाकडाचा गोल ठोकळा घेऊन टेबलाशी उभे आहात. खूप वेळ काही करत नाही. मी भूगोलाच्या वहीत नकाशा भरते आहे. तुम्ही विचारता, "काय करूया गं? बुरूज की विहीर?" मी वर बघते. "त्या पायरीच्या दगडाचं म्हंतोय," तुम्ही म्हणता. "गोल हाय खरा. पण बुरजाचा का विहिरीचा? माप दोन्हीला बसतंय." मी क्षणाचाही विचार करत नाही. "बुरूज!" मी म्हणते. "विहीर कुणाला दिसणार आहे? गडाला बुरूज हवाच." तुम्ही हसता, ठोकळा उंच धरून बघता आणि म्हणता, "बरं. साहेबांची ऑर्डर."

बुरूज झाला खरा, पण फार सडपातळ. मालक बघायला आले तेव्हा म्हणाले, "फौजी, ये किला है या फॅक्टरी? ये तो चिमनी है!" तुम्ही नुसते हसलात. मला राग आला होता. मग मालकांच्याच कॅमेऱ्यानं एक फोटो काढला गेला, गडाशेजारी मी, बुरजावर बोट टेकवून, मोहीम फत्ते केल्याच्या थाटात. तो फोटो आणि तुमच्या हातचा एक नकाशा तुम्ही घरमालकिणीला पाठवलात. तिकडून कार्ड आलं, मग आणखी काही कार्डं, मग तुम्ही गेलात आणि कार्डंही थांबली. मी शिकले, मोहालीत नोकरीला लागले, लग्न केलं. गड कपाटावरून कपाटावर फिरला. दर दिवाळीला आई जुन्या टूथब्रशनं त्याची धूळ काढते आणि पुटपुटते.

यंदा ऑफिसनं मला आठ दिवसांसाठी जर्मनीला पाठवलं. शनिवारी आगगाडी पकडून मी तुमच्या त्या गडाच्या गावी गेले. नासपतीचं झाड अजून आहे. गल्ली खरंच वळते. आपल्या शहरात सगळं आयुष्य सरळ रस्त्यांवर काढलेली मी, ते वळण दोनदा चालून आले. चौकाच्या कोपऱ्यात एका खोलीचं संग्रहालय आहे, आठवड्यातून दोनदा उघडतं, आणि ते चालवते तुमच्या घरमालकिणीची तीच मुलगी. आता तिचेही केस पांढरे झालेत. मी कोण ते सांगितल्यावर तिनं माझे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. "चटणी!" हा शब्द ती मराठीत म्हणाली. मग तिनं मला काचेच्या एका पेटीपाशी नेलं.

आत ती पायरी आहे, अण्णा. तळघराची दुरुस्ती निघाली तेव्हा ती उचलली गेली आणि उलटी केल्यावर खालच्या बाजूला, कडेला, दोरीनं पडलेल्या खोल घळ्या दिसल्या. एकीशेजारी एक, सहा. तो विहिरीच्या काठाचा दगड होता. साताऱ्याच्या तुमच्या घरामागच्या विहिरीला अशाच घळ्या आहेत, मी लहानपणी त्यात बोटं घालून बसायची. शेजारी तुमचा नकाशा टांगलाय आणि त्याच्या खाली माझा तो फोटो. आणि खाली एक कार्ड, जर्मनमध्ये आणि इंग्रजीत. गावातल्या दगडांवरून एका भारतीय कारागिरानं गडाचा आराखडा काढला, असं त्यावर लिहिलंय. त्यापुढे, विहिरीचा दगड बुरजाचा समजल्यामुळे त्याच्या प्रतिकृतीतला बुरूज चुकला. संग्रहालयाच्या या बाई प्रेमानं म्हणाल्या, "फार सुंदर चूक आहे. तुमच्या वडिलांना कुठून कळणार?" मी नकाशाकडे बघितलं. त्यात त्या जागी नुसतं वर्तुळ आहे. खाली काहीही लिहिलेलं नाही. घरातल्या स्क्रूच्या डब्यांवरसुद्धा चिठ्ठ्या लावणारा माणूस, आणि वर्तुळ कोरं. चूक सिद्ध करायला त्यांच्याकडे एकच पुरावा होता, बुरजावर टेकलेलं माझं बोट.

आणि मी गप्प बसले. बाईंना सांगायला हवं होतं की तुम्ही मला विचारलं होतंत, की बुरूज मी मागितला. चुकलं तर चुकलं म्हणायचं. पण बाई डोळे पुसत होत्या, कॉफी आली होती, आणि सगळं इतकं छान चाललेलं होतं की मी तेवढ्या फटीत पुट्टी भरली. निघताना त्यांनी विचारलं, तुमचा गड संग्रहालयाला द्याल का, चुकीसकट चालेल. मी हो म्हणाले. परतीच्या सबंध प्रवासात मला त्या कार्डावरचं वाक्य दिसत होतं. एक सूत इकडचं तिकडे न होऊ देणाऱ्या माणसाचं मोजमाप चुकलं असं परमुलखात, काचेखाली लिहून ठेवलंय, आणि ते माझ्यामुळे.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. मी ठरवलं होतं, बुरूज कापून काढायचा, तिथे विहीर करायची, आणि बाईंना खरं लिहून गड पाठवायचा. आई भडकली. "त्यांच्या हातचं आहे ते. तू कोण कापणार? चुकलं असंल तर चुकू दे." मी म्हणाले, "त्यांचं नाही चुकलं, माझं चुकलं." त्यावर ती आत गेली आणि तुमची बारीक करवत घेऊन आली.

काल रविवार. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, गड मधे ठेवला. सरसाचा जोड पक्का असणार म्हणून गरम पाण्याचं फडकं बुरजाच्या बुडाशी गुंडाळायला घेतलं. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं आणि बोलते हिंदी. तिनं कुतूहलानं बुरूज धरून थोडा फिरवला आणि ओरडली, "मम्मा, ये तो हिल रहा है!" मी हात लावला. थोडं पिळून वर ओढलं, आणि बुरूज कडेच्या लहानशा खिट्टीवरून अलगद सुटून माझ्या हातात आला. तुम्ही तो चिकटवलाच नव्हतात.

खाली विहीर होती. अंगठ्याएवढी. आतून दगडांच्या रेघा कोरलेल्या, तळाला लाखेचा हात दिलेला, पाणी असल्यासारखा चमकणारा. आणि काठाला, कानशीच्या टोकानं घासलेल्या, एकीशेजारी एक, दोरीच्या घळ्या. मी मोजल्या, सहा. पायरीखाली बोटं घालून तुम्ही मोजल्या होत्यात, सगळ्या. मुलगी विहिरीत डोकावत म्हणाली, "नानू को पता था?" आई खुर्चीवर बसली, पदर तोंडाला लावला. "हे असलेच," ती म्हणाली. "आतल्या गाठीचे." मग हसायला लागली आणि मग आम्ही तिघी.

अण्णा, किती लाड केलेत हो माझे. साहेबांची ऑर्डर म्हणालात, साहेबांना हवा तो बुरूज दिलात, आणि खरं ते खाली जपून ठेवलंत, कधी काढायला लागलं तर म्हणून. एका शब्दानं सुचवलं नाहीत. मी मोठी झाल्यावर सांगणार होतात का? की मी कधीतरी स्वतःच फिरवून बघेन अशी वाट पाहत होतात? तुम्ही गेलात तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि मला गडाकडे बघायलाही वेळ नव्हता. याचं मला आज फार वाईट वाटतं.

काल संध्याकाळी बाईंना मेल केला. विहिरीचे फोटो पाठवले आणि लिहिलं, "वडिलांना माहीत होतं, बुरूज मी मागितला होता, आणि हे मी तुमच्यासमोर उभी असताना सांगायला हवं होतं." आज सकाळी उत्तर आलं. कार्ड बदलतायत. आता त्यावर लिहिणार आहेत की भारतीय कारागिरानं विहीर सगळ्यांच्या आधी ओळखली होती, आणि बुरूज त्याच्या मुलीसाठी होता. गड पुढच्या महिन्यात मी स्वतः घेऊन जाणार आहे. खोकं आणलंय, आईनं तिच्या जुन्या नऊवारीत तो गुंडाळलाय, देवड्यांना धक्का लागू नये म्हणून आत कापूस भरलाय. हे पत्रही घडी करून विहिरीत ठेवावं असं वाटलं होतं, पण एवढं लिहून बसले, आता ते कुठलं मावतंय.

एक राहिलं. मी बाईंना कळवलंय की बुरूज नाजूक आहे, तो मागाहून पाठवते. पाठवणार नाही. तो इथे माझ्यासमोर आहे, ऑफिसच्या लॅपटॉपशेजारी, आणि आता आईनंसुद्धा मागितला तरी मी द्यायची नाही. गड सगळ्यांनी वाटून घेतला, असं तुम्हीच म्हणायचात. माझ्या वाटणीला बुरूज आला.